लोण्याच्या बोटीवरचं दुसरं डोकं

उत्तर जर्मनीतल्या कापेल्नच्या धक्क्यावरून रोज सकाळी जी पांढरी बोट सुटायची, तिच्यात बसून समुद्र बघायला कुणीही जात नसे. समुद्र फुकट होता, आणि आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना फुकटात गोडी नव्हती. त्यांना हवं होतं ते स्वस्त. बोट श्लायच्या खाडीतून बाहेर पडायची, पलीकडे डेन्मार्कातल्या सोनरबोर्गच्या धक्क्याला जेमतेम नाक लावायची, शिडी टाकायची, शिडी उचलायची आणि माघारी फिरायची. ती फिरली की खालच्या दुकानाचं शटर वर जायचं आणि बिनकराचं लोणी, दारू, सिगारेटी यांची विक्री सुरू व्हायची. परक्या देशाला शिवून आल्याशिवाय करमाफी नाही, असा नियम होता. म्हणून ते शिवणं, पोरं खेळताना भोज्ज्याला शिवतात तसं. त्या शिडीवरून उतरायचं मात्र कुणीच नाही.

उतरणार तरी कसं? बोट थांबत नसे. उतरला तो राहिला, त्याला बसने लांबचा वळसा घालून घरी यावं लागे, आणि मुख्य म्हणजे त्याच्या वाट्याचं लोणी बुडे. माल मिळायचा तो दर डोक्यामागे. तिकिटाबरोबर मिळालेला पास दाखवा, डोकं दाखवा आणि ठरलेला वाटा उचला. त्यामुळे आमच्याकडे माणसं माणसांना नव्हे, डोक्यांना बोलावू लागली. बहिरा काका, शेजारची विधवा, नुकता ऑपरेशनमधून उठलेला मेहुणा, सगळे बोटीवर. डेन्मार्कचा किनारा आला की झाडून सारे खाली शटरसमोर रांग लावून उभे, किनाऱ्याकडे पाठ करून. एक देश आख्खा समोर येऊन उभा राहायचा आणि यांना त्याच्याकडे मान वळवायला सवड नसे.

गेशे लोरेन्त्सन ही अशांपैकीच एक डोकं. पहिलं डोकं तिच्या नवऱ्याचं, हारोचं. ती दुसरं.

हारोबद्दल आधी सांगायला हवं, कारण गेशेच्या आयुष्यात जे झालं ते हारोमुळे, आणि जे झालं नाही तेही हारोमुळेच. हारो कस्टममध्ये होता. जर्मनी आणि डेन्मार्कच्या सीमेवरच्या नाक्यावर त्याने उभा जन्म काढला. त्या काळी इकडचा कर वेगळा, तिकडचा वेगळा. इकडून तिकडे काही न्यायचं-आणायचं म्हटलं की हारोसारखा कुणीतरी गाडीच्या डिकीत मुंडकं खुपसायचाच. दुसरे शिपाई बाईमाणूस, पोरंबाळं बघून गाडी सोडून द्यायचे. हारो नाही. नियम म्हणजे नियम, हे वाक्य तो जेवताना मीठ मागावं इतक्या सहज बोलायचा. गावात त्याला लोक भीत होते आणि त्याला वाटायचं, मान देतात.

त्यांना एकच मुलगी, इंकन. तिने सोनरबोर्गच्या एका सुताराशी लग्न ठरवलं. प्रेबेन त्याचं नाव. मोठ्या हातांचा, अबोल पोरगा, जर्मन बेताचीच यायची. सासू-सासऱ्यांना पहिली भेट काय द्यावी म्हणून त्याने ओकच्या लाकडाचं जेवणाचं टेबल स्वतःच्या हाताने केलं आणि व्हॅनमध्ये घालून, इंकनला शेजारी बसवून, सीमेवर आला. नाक्यावर नेमका हारो.

हारोने टेबल उतरवायला लावलं. किंमत विचारली. प्रेबेन म्हणाला, किंमत नाही, मी केलंय, तुमच्यासाठी. हारोने लाकडावर बोटं वाजवली, पायांचे जोड पाहिले, आणि ओकच्या टेबलाची बाजारात जी किंमत असेल ती आपणच ठरवून तिच्यावर कर सांगितला. बरोबरचा शिपाई म्हणत होता, जाऊ दे रे, तुझ्याच घरी चाललंय ना. हारोने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग इंकन खाली उतरली.

"बाबा, हे टेबल तुमच्याच स्वयंपाकघरात यायचंय."

"नाक्यावर मी कुणाचा बाबा नाही," हारो म्हणाला.

प्रेबेनने टेबल परत गाडीत चढवलं आणि गाडी वळवली. इंकन त्याच्या शेजारी बसली ती बसलीच. लग्नाला हारो गेला नाही आणि गेशेलाही जाऊ दिलं नाही.

आता या दिवशी गेशे काय करत होती? ती घरी केक भाजून वाट बघत होती. नवं टेबल येणार म्हणून तिने जुनं टेबल एकटीने ओढत मागच्या पडवीत नेऊन ठेवलं होतं. संध्याकाळी हारो आला, बूट काढता काढता त्याने सगळी हकिकत फुशारकीने सांगितली, आपल्या पोटच्या पोरीलाही सोडलं नाही म्हणून. आणि गेशेने जुनं टेबल परत आत ओढून आणलं, फडक्याने पुसलं आणि त्याच्यावर त्याला जेवायला वाढलं. बस्स, एवढंच. कुणाला वाटेल मी बाईमाणसाला कठोर बोलतोय. बोलतोच. ज्या घरात एक जण दगड असतो, तिथे दुसरा चिखल झाला तर दगडाचं अधिकच फावतं.

पुढची गंमत ऐका. फार दिवस गेले नाहीत. युरोपचा कारभार हाकणाऱ्या ब्रुसेल्समधल्या उंटावरच्या शहाण्यांनी वर्षानुवर्षं कॉफी ढवळून ठरवलं की सगळ्या देशांचे कर एका साच्यात आणायचे. दारूवर निदान इतका, तंबाखूवर निदान इतका, विक्रीकर या रेषेच्या खाली नाही. आणि मग देशादेशांतले कस्टमचे नाके हवेतच कशाला? एका नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ते नाके उठले. घरापुरतं म्हणून टेबल आणा, पलंग आणा, आख्खं स्वयंपाकघर उचलून आणा, विचारणारा कोणी उरला नाही. ज्या नियमासाठी हारोने पोरगी घालवली तो नियमच गेला, आणि नियमामागून हारोही. त्याला एक फुलांचा गुच्छ आणि लवकरची पेन्शन देऊन घरी बसवलं.

दुसऱ्या कुणाला अशा वेळी लाज वाटली असती. गाडी काढून तो सोनरबोर्गला गेला असता, म्हणाला असता, पोरी, चुकलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हारोने घरात जाहीर केलं की इंकनने आधी येऊन माफी मागावी. आणि स्वतः काय केलं, तर ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या डिकीत कर शोधला, तो आता कर चुकवायला रोज लोण्याच्या बोटीवर जाऊ लागला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बोटींना ब्रुसेल्सने काही वर्षांची सवलत दिली होती, जमिनीवरचे नाके उठले तरी पाण्यावरची करमाफी तेवढी चालू होती. हारोला त्यात आपला सूड दिसला. सरकारने मला काढलं, आता मी सरकारला एक पैसा कर देणार नाही, असं तो बोटीवर वाटाण्याचं सूप भुरकत ज्याला-त्याला ऐकवायचा. सूपही बोटीवर स्वस्त होतं.

एकट्याचा वाटा तो किती, म्हणून गेशेला घेतलं. तेही पुरेना म्हणून गेशेच्या म्हाताऱ्या आईला चाकाच्या खुर्चीत घालून आणायला लागला. म्हातारीला वाटायचं जावई फिरायला नेतो. एका हिवाळ्यात म्हातारी गेली. पुरलं तिला, आणि पुढच्याच आठवड्यात हारोने तिच्या नावाचं तिकीट काढून पास खिडकीवर सरकवला. म्हणाला, सासूबाई वर खुर्चीत झोपल्यात. दुकानावर टेल्झे असायची, गेशेची शाळेपासूनची मैत्रीण. ती मयताला स्वतः हजर होती. तिने पास उलटा सरकवला आणि म्हणाली, डोकं आण. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही नुसती म्हण आहे असं मी समजत होतो. हारोने ती शब्दशः खरी करायची तयारी ठेवली होती.

लोण्याने घरातला फ्रीझर भरला, मग दुसरा आणला. खाणारं कोण होतं? दोन माणसं, त्यात हारोला डॉक्टरने लोणी बंद केलेलं.

गेशे निमूट जायची याला कारण होतं, आणि ते टेल्झेशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. सोनरबोर्गच्या धक्क्यावर इंकन यायची. रविवारी हारो झोपला की गेशे कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यातून तिला फोन करायची, त्यातून ते ठरलं होतं. रांगेत जागा धरून, हवा खाऊन येते म्हणून गेशे वर जायची, कठड्याला टेकायची. खाली इंकन, आणि पुढे पुढे तिच्या कडेवर सिग्ने. बोट शिवेपर्यंत आणि सुटेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढा हात हलवायचा, तब्येत विचारायची, दात आले का विचारायचं. भोंगा झाला की गेशे खाली पळायची, कारण शटर उघडताना दुसरं डोकं जागेवर हवं.

असं दोन-तीन वर्षं चाललं. एका दिवशी इंकन आली ती पोरीला न घेता.

"आई, आज सांगायला आलेय. यापुढे मी धक्क्यावर येणार नाही," ती खालून म्हणाली. "लांबून हात हलवायला आपण काय अनोळखी आहोत? पोर विचारते, बोटीवरच्या आजीला पाय नाहीत का. घर इथून दहा मिनिटांवर आहे. चर्चच्या मागचं पिवळं. यायचं तेव्हा ये, नाहीतर येऊ नकोस."

भोंगा झाला. गेशे खाली पळाली.

त्यानंतरही ती बोटीवर जात राहिली. रोज शिडी टाकली जायची, रोज ती कठड्याशी उभी राहायची आणि रोज खाली रांगेत परत यायची. रविवारचे फोनही तिनेच बंद केले, बोलणार काय? टेल्झे तिला म्हणायची, अगं बस आहे की, बस पकड आणि जा. गेशे म्हणायची, हारो काय म्हणेल. तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, दाराला कुलूप नव्हतं. उद्या उतरू, असं ती स्वतःला सांगायची. बोट काय, उद्याही आहेच. त्या 'उद्या'वर तिने वर्षं काढली. हारोला कुणी नावं ठेवली की गाव माना डोलवतं, पण हारोसारखी माणसं अशा 'उद्या'वर पोसली जातात हे कुणी बोलत नाही.

आणि मग तो उद्याच संपला. ब्रुसेल्सची सवलत त्या जूनअखेर संपत होती. युरोपात बाजार एक, तर पाण्यावर वेगळा कर कशाला, असं म्हणून त्यांनी बोटींचीही करमाफी काढून घेतली. हे सगळं सहा-सात वर्षं आधीच ठरलेलं होतं, तरी आमचे लोक घरात नाग निघावा तसे दचकले. सभा झाल्या, फलक रंगवले. हारो व्यासपीठावर चढला. टीव्हीवाल्या पोरीने माइक पुढे धरला तर म्हणाला, ही आमची संस्कृती आहे, आमच्या म्हाताऱ्या माणसांचा एकमेकांना भेटण्याचा हा एकच आधार आहे, ब्रुसेल्सला माणसांची नाती कळत नाहीत. नाती. हारो लोरेन्त्सनच्या तोंडी. गेशे गर्दीत उभी राहून ऐकत होती, आणि टेल्झे सांगते की तिच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा काहीतरी बदललं. मला त्यातलं काही ठाऊक नाही. पण त्या रात्री हारो जेवताना म्हणाला, बोट बंद झाली की सुंठीवाचून खोकला गेला, डेन्मार्कच्या वाटेला जायचं आता आपल्याला काहीच काम नाही. तेव्हा गेशेचा चमचा ताटलीत पडला, एवढं तिने स्वतः पुढे सांगितलं.

जूनच्या शेवटच्या दिवशी बोटीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणी काळ्या फिती लावून आलं होतं. एक जण अकॉर्डियन वाजवत होता आणि बाया डोळे पुसत होत्या. इतकं तर त्या आपल्या सख्ख्या माणसांच्या मयताला रडल्या नव्हत्या. हारो पहाटेच धक्क्यावर येऊन बसला होता, त्यामुळे बोट सुटायच्या आधीच शटरसमोर पहिला नंबर त्याचा. त्याच्या मागे गेशे. त्यांच्या मागून रांग जिन्याने चढून वर डेकवर, शिडीच्या तोंडापर्यंत गेली होती.

सोनरबोर्गचा किल्ला दिसायला लागला तशी गेशे म्हणाली, हवा खाऊन येते. हारोने मान हलवली. लवकर ये, म्हणाला, आज धक्काबुक्की होणार.

शिडी टाकली. खलाशाने नेहमीसारखी साखळी काढली आणि परत लावायला हात पुढे केला, तर समोर गेशे, पर्स छातीशी धरलेली.

"बाई, बोट थांबायची नाही," तो म्हणाला.

ठाऊक आहे, ती म्हणाली. आणि तरी ती उतरली नाही. तिथेही तिचं ते जन्मभराचं अडलंच. ती वळली, रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या लोकरी टोपीवाल्या बाईला म्हणाली, पहिल्या नंबरवर माझा नवरा आहे, त्याला सांगता का, गेशे इथे उतरतेय म्हणून. बाईने पुढच्याला सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. तोंडातोंडी निरोप जिन्यावरून खाली उतरला. रांग कुणालाच सोडायची नव्हती, त्यामुळे निरोप पोचवायला सगळ्यांना हा मार्ग अगदी सोयीचा वाटला.

गेशे एक हात कठड्यावर ठेवून थांबली. खरं सांगायचं तर हारो त्या वेळी जिना चढून वर आला असता, तर ती परतली असती. त्याने प्रेमाचा शब्द बोलायची गरज नव्हती. तो ओरडला असता, दंडाला धरून खसकन मागे ओढलं असतं, तरी ती परतली असती आणि आयुष्यभर टेल्झेला सांगत राहिली असती की बघ, आला की नाही मला न्यायला. एवढ्या स्वस्तात बाई परत मिळत होती. हारोला तेवढा जिना चढायचा होता.

खालून निरोप उलटा चढत आला. लोकरी टोपीवालीने तो पुढच्याकडून ऐकून घेतला आणि गेशेकडे वळून, ब्रेडचा भाव सांगावा अशा आवाजात म्हणाली,

"तुमचे मिस्टर म्हणतात, जायचं तर जा. पण आधी पास खाली पाठव."

गेशे तिच्याकडे बघतच राहिली. बाईला वाटलं, हिला ऐकू आलं नाही. तिने हात पुढे केला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "बरोबरच आहे हो त्यांचं. शेवटच्या दिवशी वाटा वाया कशाला घालवायचा?"

गेशेने पर्स उघडली, पास काढला आणि त्या हातावर ठेवला. पास जिन्यावरून हातोहात खाली गेला. इतक्या हातांतून गेला, पण त्यातल्या एकालाही काही वावगं वाटलं नाही. भोंगा झाला तेव्हा गेशे शिडीच्या खालच्या टोकाला होती, आणि डेन्मार्कच्या दगडावर तिचा पाय पडला तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शटर वर गेलं. हारोने दोन्ही पास खिडकीवर ठेवले आणि टेल्झेने विचारायच्या आधीच सांगितलं की गेशेला मळमळतंय, वर आडवी झालीय. टेल्झेने बोटीच्या बाजूच्या गोल काचेतून गेशेला धक्क्यावरून जाताना पाहिलं होतं, तपकिरी कोट, पर्स छातीशी. एकदा तिने हारोचा पास परत सरकवला होता, आजही सरकवता आला असता. नाही सरकवला. मी तिला विचारलं, का दिलंस? म्हणाली, "दिलं बाबा. एवढ्यावर भागत असेल त्याचं, तर भागू दे."

हारो दोन्ही वाटे घेऊन, दोन्ही हातांत पिशव्या, कापेल्नला उतरला. लोकांना सांगत होता की ब्रुसेल्सने शेवटच्या दिवशीसुद्धा माझं काही वाकडं केलं नाही.

तिकडे गेशे चर्चच्या मागे गेली. पिवळी घरं तिथे तीन होती. दोन दारं चुकली, तिसऱ्या दारात इंकन उभी राहिली. हातात भांडी पुसायचं फडकं, केसात पहिली पांढरी बट. आतून सिग्ने ओरडून विचारत होती, कोण आलंय. इंकनने आईचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं, दार लावायला गेली आणि थबकली. दार अर्धवट उघडंच ठेवून तिने गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली. आठ वर्षं जिने बापाचं नाव काढलं नव्हतं, ती आईकडे न बघता हळूच म्हणाली,

"बाबा मागून येतायत का?"

गेशेने कोटाची बटणं काढता काढता सांगितलं, "नाही गं. तो रांगेत आहे."